डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, मग बोरचं पाणी वावराला वाईट कसं?

काटोल तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, थोडक्यात सांगतो. घरची तीन एकर संत्रा, बाकी वावरात पऱ्हाटी (कापूस) आणि चना. नवरा बुटीबोरीला कंपनीत, त्यामुळे शेती ताई आणि त्यांचे सासरेच पाहतात. जुनी विहीर फेब्रुवारी संपता संपता कोरडी पडते म्हणून चार वर्षांआधी बोर मारला, तीनशे फुटांच्या वर, आणि पाणी भरपूर लागलं. आधी सगळं ठीक होतं, पण आता ड्रिपखाली डबकं साचतं आणि पाणी मुरतच नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि पऱ्हाटीच्या वावरात पहिल्या पावसानंतर असा पापुद्रा धरतो की डोबलेलं बी वरच येत नाही, दुबार डोबावं लागतं. सासरे म्हणतात पाण्याला नाव ठेवू नका, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही आणि बोरच्या पाण्यात दोन शिट्ट्यांत होते, साबणाला फेसही मस्त येतो, पाणी गोड आहे. कृषी केंद्रवाल्यानं मीटर टाकून टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ७३० दाखवला आणि म्हणाला हजारच्या आत आहे, बिनधास्त द्या, फार वाटलं तर पाइपला लावायचं क्षार काढायचं चुंबकाचं यंत्र घ्या. ताईंनी हुशारी केली, बोर आणि विहीर दोन्हीचं पाणी लॅबमधून तपासून आणलं आणि रिपोर्ट मला पाठवला. बोरच्या रिपोर्टवर सी३-एस१ असा शेरा आहे. त्यांचे प्रश्न तीन: पाणी खरंच वाईट आहे का, बोर अजून खोल न्यावा का, आणि जिप्सम टाकायचं तर किती.

ताई, आधी उत्तरं देतो मग कारणं सांगतो, कारण आंबिया बहाराचा ताण तोडायची, म्हणजे फुलांसाठी बंद ठेवलेलं पाणी संत्र्याला परत सुरू करायची, वेळ आलीये आणि तुमच्याकडे वेळ कमी आहे. हे बोरचं पाणी एकटं तुमच्या काळ्या जमिनीला चालणारं नाही. बोर अजून खोल नेऊ नका. जिप्सम टाकायचं, पण ड्रिपमधून सोडायचं नाही. आणि विहिरीत आता जे पाणी आहे ते आधी संपवून मग बोरवर यायचं, असं जे तुम्ही दरवर्षी करता, ते याच आठवड्यापासून बंद करा.

आता डाळीचं. सासऱ्यांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, त्यांच्याशी यावरून वाद घालूच नका. पण डाळ लवकर शिजते ते का, हे त्यांना समजावून सांगा. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त आहे, म्हणून ते जड पाणी. कॅल्शियम डाळीतल्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं म्हणून ती शिजायला वेळ घेते, साबणाशीही तोच बसतो म्हणून फेस येत नाही, तांब्याला पांढरा थर चढतो. बोरच्या पाण्यात कॅल्शियम नावापुरतं आहे आणि सोडियम बायकार्बोनेट भरपूर. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे आपला खायचा सोडा. डाळीत, छोल्यात चिमूटभर टाकतो तोच. म्हणजे तुमच्या बोरमधून सोडा घातलेलंच पाणी वर येतंय, आणि डाळीला सोडा चांगला असला तरी काळ्या मातीला तो चांगला नाही. मातीला पाहिजे ते विहिरीचंच पाणी, जे स्वयंपाकघरात कोणाला आवडत नाही. पाण्याची चव, फेस आणि शिट्ट्या यावरून वावराचं पाणी ठरवता येत नाही, बऱ्याच वेळा उलटच निघतं, आणि हे मी गावोगाव सांगतो कारण यातच लोक फसतात. खारं पाणी तोंडाला कळतं म्हणून माणूस सावध होतो, सोड्याचं पाणी गोड लागतं म्हणून कोणी तपासतच नाही.

आता रिपोर्ट काढून बसा. बोरचा ईसी (पाण्यातून वीज किती वाहते त्याचं माप, डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये) १.१५ आहे, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार लिटरला ७३० मिलिग्रॅमच्या आसपास, कृषी केंद्रवाल्याचा मीटर खोटं बोलला नाही. पण टीडीएस मीटर फक्त एकूण किती क्षार आहेत तेवढंच सांगतो, कोणते आहेत ते सांगत नाही, आणि इथं सगळा खेळ कोणते याचाच आहे. खालचे आकडे पाहा, सगळे लिटरमागं मिलीइक्विव्हॅलंटमध्ये (वेगवेगळ्या क्षारांची एकमेकांशी बेरीज-वजाबाकी करता यावी असं माप) आहेत: कॅल्शियम १.२, मॅग्नेशियम २.०, सोडियम ८.५, बायकार्बोनेट ७.०, कार्बोनेट ०.६, क्लोराइड ३.०. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटची बेरीज करा, ७.६ आली. त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज ३.२ वजा करा. उरले ४.४. याला आरएससी म्हणतात, म्हणजे उरलेला सोडियम कार्बोनेट. हा आकडा १.२५ च्या आत असेल तर पाणी सुरक्षित, १.२५ ते २.५ मध्ये सांभाळून वापरायचं, आणि २.५ च्या वर गेला की सिंचनाला अयोग्य धरतात. तुमचा ४.४ आहे. आता विहिरीचा रिपोर्ट घ्या: कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ५.५, कार्बोनेट-बायकार्बोनेट मिळून ४.५, म्हणजे आरएससी उणे १. उणे म्हणजे उत्तम.

मग लॅबनं सी३-एस१ का लिहिलं? त्यांनी सोपा, ठोकळ नियम लावला. ही वर्गवारी अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेनं १९५४ साली काढलेल्या तक्त्यातली आहे, अजूनही जगभर तीच वापरतात. सी म्हणजे एकूण क्षार आणि एस म्हणजे एसएआर, सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेलं प्रमाण. तुमचा एसएआर काढला तर ६.७ येतो, लॅबनं तो १० च्या आत म्हणून एस१ धरला, म्हणजे सोडियमचा धोका कमी; मूळ तक्त्याच्या रेघा तिरक्या आहेत, त्या हिशेबानं तुमच्या ईसीला तो एस२ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात जातो. पण त्या तक्त्याच्या रेघांत बायकार्बोनेट कुठंच येत नाही. बाटलीतल्या पाण्याचा एसएआर ६.७ आहे हे खरं, पण पाणी वावरात गेलं, उन्हानं माती सुकायला लागली, की त्या पाण्यातला जो थोडासा कॅल्शियम आहे तो बायकार्बोनेटशी जुळून चुनखडी होऊन बसतो, आणि मातीच्या पाण्यात उरतो तो सोडियम. म्हणजे नळीतून पडताना जे प्रमाण होतं ते मुळाशी पोचल्यावर आठवड्याभरात पार बदललेलं असतं. शिवाय मातीच्या कणांवर आधीपासून जो कॅल्शियम चिकटलेला असतो तोही असाच सुटत जातो आणि त्याची जागा सोडियम घेतो. म्हणून आधी दोन वर्षं काही दिसलं नाही आणि मग एकदम दिसायला लागलं. नुकसान पहिल्या दिवसापासून चालूच होतं, जमीन तेवढं सहन करत होती.

अजून एक गोष्ट, ती ऐकायला उलटी वाटेल. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) १९८५ च्या मार्गदर्शिकेत पाणी मुरण्याचा विचार करताना एसएआर आणि ईसी सोबत पाहतात, आणि एसएआर ६ ते १२ मध्ये असेल तर ईसी १.९ च्या वर असली तरच मुरण्याला त्रास नाही असं धरतात. म्हणजे सोडियमचं प्रमाण तेवढंच असलं तर कमी खारट पाणी माती जास्त बंद करतं. पाण्यात एकूण क्षार बऱ्यापैकी असले की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात, क्षार कमी झाले आणि कणांवर सोडियम बसलेला असला की ते सुटे होतात, फुगतात, आणि बारीक छिद्रं बुजवून टाकतात. सगळ्यात कमी क्षाराचं पाणी कोणतं, तर पावसाचं. म्हणून तुमच्या वावरात उन्हाळाभर बोरचं पाणी चालल्यासारखं दिसतं आणि जूनचा पहिला पाऊस पडला की पापुद्रा धरतो. पाऊस यात दोषी नाही, उन्हाळ्यात मातीत जाऊन बसलेला सोडियम पावसात उघडा पडतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक सोपी परीक्षा आहे, सासऱ्यांना सोबत घेऊन करा. एका काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या, नसेल तर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मेडिकलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मिळतं ते घ्या, पण बोरचं किंवा नळाचं नको, त्यातले क्षार खरं काय ते लपवतात. संत्र्याच्या ड्रिपखालून, वरचे दोन बोटं सोडून, बोराच्या फळाएवढं वाळलेलं ढेकूळ काढा आणि अलगद ग्लासात सोडा. हलवू नका, ढवळू नका. दुसऱ्या ग्लासात धुऱ्यावरचं ढेकूळ, जिथं बोरचं पाणी कधी गेलंच नाही. धुऱ्याचं ढेकूळ फुटेल, बारीक बारीक तुकडे होऊन तळाला बसेल, पण पाणी स्वच्छ राहील. ड्रिपखालच्या ढेकळाभोवती दहा-पंधरा मिनिटांत दुधाळ धूर निघाल्यासारखा दिसायला लागला आणि दोन तासांत सगळं पाणी गढूळ होऊन तसंच राहिलं, तर समजा सोडियम बसलाय. हे ढेकूळ नुसतं फुटत नाही, विरघळल्यासारखं सुटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तरी पाणी निवळलेलं नसेल. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो.

पुस्तकात चोपण जमिनीची रेघ विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांवर चिकटून बसलेला सोडियम) १५ टक्के अशी दिलेली असते. आपल्या काळ्या जमिनीत तेवढी वाट पाहायची नाही. या मातीतली चिकण फुगणारी जात आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात गच्च, तिला ५ टक्क्यांच्या आसपासच त्रास सुरू होतो. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणी खारं आहे तिथल्या, जमिनींवर आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय, त्यातून हेच पुढं आलं की पंधराच्या कितीतरी आधी पाण्याचा निचरा बिघडतो. तिकडे हे निसर्गानंच झालेलं आहे, तुमच्याकडे ते बोरच्या पाण्यानं होतंय, आणि चार वर्षांचंच आहे म्हणून परत फिरवता येतं. दहा वर्षांनी हेच पत्र आलं असतं तर मी एवढ्या भरवशानं बोललो नसतो.

बोर खोल का नेऊ नका, तर आपल्या काटोल-कळमेश्वर-नरखेडकडे खाली बेसॉल्टचा काळा दगड आहे. विहिरीचं पाणी वरच्या मुरमातलं, म्हणजे मागच्या एक-दोन पावसाळ्यांचं, दगडाच्या संगतीत फार दिवस न राहिलेलं. खालचं पाणी फटींमध्ये वर्षानुवर्षं अडकून राहतं, त्यातला कॅल्शियम चुनखडी होऊन किंवा मातीच्या कणांशी अदलाबदल होऊन कमी होत जातो आणि सोडियम वाढत जातो. सगळ्याच बोरांचं असं असतं असं नाही, शेजारच्याचा चांगला असू शकतो, म्हणून प्रत्येक बोर तपासलाच पाहिजे, पण एकाच जागी अजून खोल जाऊन पाणी सुधारेल ही आशा बहुतेक वेळा पैसे बुडवते. वरून लाइटचं बिल आणि मोठी मोटर. ते पैसे विहिरीच्या पुनर्भरणाला लावा. नागपूरकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो वावरातून वाहून नाल्याला जातो. विहिरीच्या बाजूला खड्डा करून त्यात दगड, खडी, वाळू असे थर टाकून धुऱ्यावरचं पाणी गाळून विहिरीत सोडलं तर तुमचं चांगलं पाणी पुढे टिकेल आणि सुधारेलही. पण गाळ किंवा फवारणीच्या औषधाचं पाणी थेट विहिरीत जाऊ देऊ नका. शेततळ्याला जागा असेल तर त्याचाही विचार करा, प्लास्टिक अस्तर टाकलेलं, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये बोरच्या पाण्यात मिसळायला काहीतरी हाताशी राहील.

मिसळण्याचंच आता महत्त्वाचं आहे. तुम्ही दरवर्षी काय करता, विहिरीत आहे तोवर फक्त विहिरीचं देता आणि ती संपली की कडक उन्हात, जेव्हा बाष्पीभवन सगळ्यात जास्त, तेव्हा निव्वळ बोरचं. याच्या उलट करा. दोन्ही पाणी एका टाकीत घेऊन मिसळा आणि विहीर जास्तीत जास्त दिवस चालवा. हिशेब सरळ आहे: अर्धं बोर अर्धं विहीर केलं तर आरएससी १.७ येतो, सांभाळून चालण्यासारखा. एक भाग बोर दोन भाग विहीर केलं तर ०.८, म्हणजे बिनधास्त. ताण तोडायला आणि फुलं-फळधारणेच्या काळात एकास दोन ठेवा, नंतर विहीर खाली गेली की अर्धं-अर्धं. चन्याला बोरचं पाणी देऊच नका, चना तसाही क्षाराला नाजूक आहे, ओलीवर येईल तेवढा येऊ द्या. पऱ्हाटी एकूण क्षार बराच सहन करते, पण पापुद्र्यातून तिचं बी वर येत नाही, म्हणून पेरणीच्या आधी त्या वावरात बोरचं मोकळं पाणी सोडू नका.

विहीर संपल्यावर पावसापर्यंत साधारण शंभर दिवस बोरवरच काढावे लागतील असं धरू. सहा बाय सहा मीटरवर लावलेली संत्रा म्हणजे एकरी ११० झाडं, मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटर धरलं तर रोजचे ११ हजार लिटर, शंभर दिवसांत ११ लाख लिटर. लिटरला ७३० मिलिग्रॅमनं मोजा, एकरात ८ क्विंटल क्षार गेले. आठ क्विंटल, एका उन्हाळ्यात, आणि तेही सगळे नळीखालच्या तेवढ्याच ओल्या गोलात. संत्र्याच्या झाडाखाली सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड पसरा, बुंध्यापासून हातभर सोडून. पाणी कमी उडेल, तेवढं बोरचं पाणी कमी द्यावं लागेल, तेवढे क्षार कमी जातील. मला विचाराल तर जिप्समच्या आधी कुटार, कारण ते घरचं आहे आणि आजच टाकता येतं. आणि ते जाळू नका, दरवर्षी धुऱ्यावर कुटार जळताना दिसतं तेव्हा फार जीव तुटतो.

आता जिप्सम. लिटरला एक मिलीइक्विव्हॅलंट आरएससी मारायला हजार लिटरमागं ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. तुमचा ४.४ वरून १.२५ च्या खाली आणायचा म्हणजे ३.२ कमी करायचा, म्हणजे हजार लिटरला २७५ ग्रॅम. शंभर दिवसांच्या ११ लाख लिटरला झाले तीन क्विंटल शुद्ध. बाजारातलं शेतीचं जिप्सम ८० टक्क्यांच्या आसपास शुद्ध धरा, म्हणून एकरी ४ क्विंटल, झाडामागं साडेतीन किलोपेक्षा थोडं जास्त. पोत्यावर शुद्धता लिहिलेली पाहून घ्या, नुसती पांढरी माती विकणारेही आहेत. ड्रिपमधून सोडू नका म्हणालो ते यासाठी की बायकार्बोनेटच्या पाण्यात कॅल्शियम टाकला की नळीतच चुनखडी होते आणि ड्रिपर बंद पडतात. मातीवर टाका. निम्मं मार्चच्या सुरुवातीला, जिथं ड्रिपची ओल असते त्या गोलात पसरून हलकंसं खुरपून, संत्र्याची मुळं वरच असतात त्यामुळे खोल खणू नका. निम्मं मेच्या शेवटी, पावसाच्या आधी. हे दुसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या पावसाच्या पाण्यात जिप्सम विरघळलं की माती सुटी व्हायचं थांबतं आणि निघालेला सोडियम पावसाच्या पाण्यासोबत खाली जातो. पण तो खाली जायला वाट पाहिजे. दोन ओळींच्या मधून उताराला चर काढा, पाणी वावराबाहेर निघालं पाहिजे. निचरा नसेल तर जिप्समचे पैसे वाया.

हा हिशेब फक्त यंदाच्या पाण्याचा झाला. चार वर्षांत जो सोडियम मातीत आधीच बसलाय त्याचं जिप्सम वेगळं, आणि ते माती तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. इथं एक लक्षात ठेवा, मृदा आरोग्य पत्रिकेवर जे बारा आकडे येतात त्यात विनिमययोग्य सोडियम नसतो. सामू (पीएच) असतो, ईसी असतो, नत्र-स्फुरद-पालाश, सेंद्रिय कर्ब, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात, पण तुम्हाला हवा तो आकडा नसतो. तो मागून घ्यावा लागतो. महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत जाऊन स्पष्ट सांगा की विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी, मुक्त चुना (मातीत मिसळलेली चुनखडी) आणि जिप्समची गरज हे तीन पाहिजेत, होत असेल तर इथं करा, नसेल तर कुठं होतं ते सांगा. नमुने ड्रिपखालचे आणि धुऱ्यावरचे वेगळे, दोन्हीचे एक फुटापर्यंतचे आणि एक ते दोन फुटांचे वेगळे. मुक्त चुना जास्त निघाला तर जिप्समऐवजी गंधकही चालतं, मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि जमिनीतलाच चुना विरघळून कॅल्शियम सुटतो. एक किलो गंधक जवळपास ५.४ किलो जिप्समचं काम करतं, फक्त हळू, त्याला ओल आणि उष्णता लागते, आणि यंदाच्या पापुद्र्याला त्याचा फायदा नाही.

ते पाइपला लावायचं यंत्र घेऊ नका. चुंबक लावून पाण्यातला सोडियम कुठं जात नाही, जितका आत जातो तितकाच बाहेर येतो. आम्ल सोडून बायकार्बोनेट मारण्याची पद्धत खरी आहे, ड्रिपही त्यानं साफ होतं, पण सल्फ्युरिक आम्ल घरच्या घरी हाताळू नका, डोळे जायची गोष्ट आहे ती. करायचंच तर जाणकार माणूस उभा करून, चष्मा-हातमोजे घालून, आणि नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही.

पिवळ्या पानांवर फार वेळ घालवत नाही कारण मूळ दुखणं तेच आहे. कोवळ्या पानात शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं म्हणजे लोहाची कमतरता, मातीत लोह आहे पण सामू आणि बायकार्बोनेटमुळे झाडाला घेता येत नाही. क्लोराइड तुमचा ३.० आहे, त्यानं पानांची टोकं करपत नाहीत, त्यामुळे तो संशय सोडा. जमिनीतून लोह द्यायचं तर इडीडीएचए चिलेट (लोह धरून ठेवून झाडाला पोचवणारं रूप) घ्या, इडीटीएवालं तुमच्या सामूला टिकत नाही, पैसे मातीत. मला पानांपेक्षा जास्त काळजी बुंध्याची वाटते. पाणी साचून राहतंय म्हणजे डिंक्याला (बुंध्यातून डिंक गळणारा रोग) आमंत्रण. बुंध्याला पाणी लागूच देऊ नका, दुहेरी आळं (बुंध्याजवळ कोरडं, बाहेर पाण्याचं) करा, ड्रिपच्या नळ्या बुंध्यापासून बाहेर फांद्यांच्या घेराकडे सरकवा, आणि पावसाच्या आधी व नंतर बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याची) पेस्ट लावा. तुमची कलमं जंबेरीच्या खुंटावर आहेत की रंगपूर लाईमच्या ते पत्रात नाही. पुढं नवी झाडं लावाल तेव्हा रंगपूर लाईमवरची घ्या, क्षाराच्या बाबतीत ती जंबेरीपेक्षा बरी निघते. याबद्दल अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन बोललात तर चांगलं होईल, पानांचा नमुनाही सोबत न्या.

शेणखत जमेल तेवढं द्या, एकरी पाच-सहा गाड्या तरी, चुनखडीच्या जमिनीत कुजताना जे आम्ल सुटतं त्यानंही थोडा कॅल्शियम मोकळा होतो आणि माती भुसभुशीत राहते. हिरवळीचं खत म्हणून ओळींमध्ये ढेंचा टाकला तर उत्तम, तो चोपण जमिनीतही येतो.

आणि तुम्ही हे पाणी प्यायलाही वापरता असं पत्रावरून दिसतंय. शेतीचा रिपोर्ट पिण्याला चालत नाही. नायट्रेट आणि फ्लोराइड वेगळं तपासून घ्या, विहीर आणि बोर दोन्हीचं. आपल्या जिल्ह्यात खतं आणि गोठ्यांमुळे बऱ्याच विहिरींत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर निघतं, पिकाला त्यानं काही होत नाही, नत्रच मिळतं, पण तान्ह्या बाळाला ते पाणी धोक्याचं आहे. घरात लहान मूल असेल तर हे काम आधी.

पुढचे पाण्याचे नमुने मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये काढा. मोटर अर्धा तास चालू द्या, स्वच्छ प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा म्हणजे आत हवा राहणार नाही, झाकण घट्ट लावून वर बोर की विहीर आणि तारीख लिहा, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लॅबला पोचवा, आठवडाभर घरात ठेवली तर बायकार्बोनेटचा आकडा बदलतो. लॅबमध्ये सांगताना नुसतं पाणी तपासा म्हणू नका, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट, क्लोराइड, ईसी आणि सामू असं नाव घेऊन मागा. मातीचा रिपोर्ट आला की पाठवा, तिन्ही एकरांचा जिप्समचा पक्का आकडा तेव्हा काढून देतो, तोवर एकरी चार क्विंटलच्या पुढं जाऊ नका.